घसा बरा झाला, आता डोळे पाहा

गणपती उठले की मुंबईत लालबाग, परळ, गिरगावातल्या दवाखान्यांत घसा धरलेल्यांची रांग लागते. बहुतेकांचा घसा विषाणूंमुळे दुखत असतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती एवढ्यावर तो आठवडाभरात बरा होतो. काहींना मात्र स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग झालेला असतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण जास्त. सर्दी-खोकला फारसा नाही, पण सणसणून ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, अशी त्याची लक्षणं. हा घसाही चार दिवसांत उतरतो. मूल शाळेत जाऊ लागतं आणि प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या फ्रिजवर पडून राहतात.

या जिवाणूमुळे पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, हे परळला फार पूर्वीपासून माहीत आहे. या संसर्गातून उद्भवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन १९५०च्या दशकातच करत होते. डोळ्यांचं काय होतं, हे मात्र घरोघरी फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जिवाणूशी लढायला शरीराने उभी केलेली यंत्रणा कधी कधी शरीराच्याच पेशींवर उलटते. सांधे, झडपा, मूत्रपिंडं यांच्यासारखाच डोळ्यातला रंगीत पडदाही तिच्या तडाख्यात सापडतो. या सुजेला युव्हायटिस म्हणतात. घशाच्या स्ट्रेप संसर्गानंतर दोन्ही डोळ्यांत अशी सूज आल्याचं वर्णन १९९१मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलं. पुढे २०१२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तिथल्या मुलांमधल्या अशाच आजाराची नोंद केली. हा आजार विरळा आहे, त्यामुळे घसा दुखलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांनी धास्तावण्याचं कारण नाही. पण तो ओळखायला उशीर झाला, तर पडदा भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो. लहान वयात झालेलं हे नुकसान आयुष्यभर सोबत राहतं.

उशीर होतो तो बहुधा एकाच कारणाने. डोळा लाल दिसला की ‘डोळे आलेत’ असं घरातच ठरतं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणले जातात. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, पण नजर सहसा ठीक असते. युव्हायटिसमध्ये घाण येत नाही. लाली बुबुळाच्या कडेने जास्त असते, डोळा आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही आणि धूसर दिसतं. मूल खिडकीकडे पाठ करून बसू लागलं, ट्यूबलाइट बंद करा म्हणू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. स्लिट लॅम्प या यंत्राखाली पाहिल्याशिवाय हे निदान होत नाही.

तिथे गेल्यावर एक गोष्ट आपण होऊन सांगा: गेल्या दीड महिन्यात घसा दुखून ताप आला होता का आणि तेव्हा कोणतं औषध किती दिवस घेतलं. डोळ्याच्या डॉक्टरांना घशाबद्दल काय सांगायचं, असं लोकांना वाटतं. पण या माहितीवरूनच स्ट्रेपविरोधी प्रतिपिंडं मोजणारी रक्ताची एएसओ चाचणी करायचं त्यांना सुचू शकतं. नुसत्या त्या आकड्यावरून निदान ठरत नाही, कारण आपल्याकडे निरोगी मुलांमध्येही तो वाढलेला आढळतो. उपचारात स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे थेंब असतात. हेच स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता टाकले, तर काचबिंदू होऊ शकतो आणि नागिणीच्या जातीच्या विषाणूने आलेली जखम आणखी चिघळते. बरं वाटलं म्हणून ते एकदम बंदही करायचे नाहीत.

सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसले, तर जागरण झालं असेल म्हणून सोडून देऊ नका. घशाच्या संसर्गानंतर १ ते ३ आठवड्यांत मूत्रपिंडांना सूज आली, तर ती आधी पापण्यांवर दिसते. लघवी कमी होते, कोऱ्या चहासारखी गडद होते आणि रक्तदाब वाढतो. इथे चष्म्याच्या दुकानाचं काम नाही. लघवीची तपासणी आणि रक्तदाब त्याच दिवशी झाला पाहिजे. परळला वाडिया रुग्णालय मुलांसाठीच आहे. सायनसचा संसर्ग पसरून एकच डोळा सुजला, ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा हलवताना दुखू लागला, तर सकाळची वाटही पाहू नका.

डोळ्यांपर्यंत पोचणारा घशाचा आणखी एक जिवाणूजन्य आजार म्हणजे घटसर्प. लसीमुळे तो खूप कमी झाला, पण गेलेला नाही. त्याचं विष नसांवर परिणाम करतं. आधी आवाज नाकातून येऊ लागतो, प्यायलेलं पाणी नाकातून परत येतं. मग साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मुलाला फळा दिसतो, पण पुस्तक वाचता येत नाही. जवळचं पाहण्यासाठी भिंगाचा आकार बदलणारा स्नायू लुळा पडलेला असतो. डच नेत्रतज्ज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी १८६०च्या सुमारास याचा अभ्यास केला होता. काहींना एकाच्या दोन वस्तू दिसतात. ही नजर काही आठवड्यांत बहुधा पूर्ण परतते, त्यामुळे घाईने कायमचा चष्मा करू नये. पण तेच विष हृदयालाही इजा करतं, म्हणून घशात राखाडी पडदा आणि मानेला सूज दिसली, तर तडक रुग्णालय गाठा. चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय संसर्गजन्य रोगांसाठीच आहे. घटसर्पावरचं प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग जास्त.

घटसर्पापासूनही वाचवणाऱ्या बाळाच्या पेंटाव्हॅलेंट लसीचे तीन डोस आईवडील आठवणीने देतात. पुढचे मात्र राहून जातात: दीड-दोन वर्षांचा आणि ५ ते ६ वर्षांचा बूस्टर, मग १०व्या आणि १६व्या वर्षीची टीडी लस. महापालिकेच्या दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. स्ट्रेपवर लस नाही. त्यासाठी डॉक्टरांनी पेनिसिलिन गटातलं औषध १० दिवस लिहून दिलं असेल, तर ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी ते दहाही दिवस द्या.