वाकड्या वाटेने जाणारा प्रकाश

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या नितळ पाण्यात बुडी मारून वर पाहिले, तर डोक्यावर उजेडाचे एक वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. कारण लंबाशी सुमारे ४९ अंशांहून मोठा कोन करणारा किरण हवेत न शिरता पाण्यातच परत फिरतो. मालवणच्या पाणबुड्यांना परिचित असलेले हे पूर्ण आंतरिक परावर्तन डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी केसासारख्या काचतंतूंत कामाला लावले.

कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. बालपण डेहराडूनला गेले. प्रकाश सरळ रेषेतच जातो, हे शिक्षकांचे विधान त्यांना शाळेतच खटकले होते. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्रा. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी हजारो तंतूंच्या लवचिक जुडग्यातून प्रतिमा पलीकडे पोहोचविली. हा शोधनिबंध जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाश तंतूतही सरळच धावतो. मात्र काठावर पुनःपुन्हा परावर्तित होत वळण पार करतो. जठराच्या आत डोकावणारी लवचिक दुर्बीण याच तत्त्वावर घडली.

परंतु त्या काचेत थोड्याच अंतरात प्रकाश क्षीण होई. दोष काचेतील अशुद्धतेचा आहे, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखविले. २००९ चे नोबेल पारितोषिक काव यांना मिळाले, कपानींना नाही, याची भारतात खंत व्यक्त झाली. खंत रास्तच, तथापि दूरसंचाराचे श्रेय काव यांचेच मानावे लागते. कपानींना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

भारतातील पहिली प्रकाशतंतू दूरध्वनी प्रणाली १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली होती.