जहाजावरचे जेवण आणि मधुमेह

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया' जहाजाच्या सहली निघू लागल्या. आपल्याकडील जोडपीही आता मला विचारतात, "डॉक्टर, तिथे गोळ्यांचे कसे?"

अशा जहाजांच्या मुख्य भोजनगृहात घरच्यासारखे भरलेले ताट येत नाही. पदार्थ एकामागून एक येतात. रात्रीची ग्लिमेपिराइडची गोळी खोलीतच घेतली आणि जेवण लांबले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. म्हणून पोळी किंवा भात समोर आल्यावरच गोळी घ्यावी.

जोडीदारानेही लक्ष ठेवावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी व जहाजावरील डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.