भाषाविज्ञान शिकविण्यास परदेशी जाणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींस

मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले गेले, ही गोष्ट आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना लहानपणापासून अभिमानाने सांगितली जाते. परंतु कॅरी हे त्या वेळी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारचे पगारी शिक्षक होते, तेथे ते इंग्रज मुलकी नोकरांस मराठी शिकवीत, आणि त्या कामी पंडित वैजनाथांचे त्यांना मोठे साहाय्य होते, हा भाग सहसा सांगितला जात नाही. भाषाविज्ञान शिकविण्यास परदेशी निघालेल्या ख्रिस्ती तरुणांनी हा गाळलेला भागच आधी समजून घ्यावा, असे उत्तर थायलंडात काही वर्षे अध्यापन केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

तेथील एका संस्थेत मी ध्वनिविचार शिकवीत असता, परीक्षा तोंडावर आली असताना एक बौद्ध विद्यार्थिनी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि पुष्कळ आढेवेढे घेऊन तिने विचारले, “आजान, रविवारच्या प्रार्थनेला आले नाही, तर गुण कमी होतात का?” शिक्षकाला तिकडे आजान म्हणतात. तिच्या मनात ही शंका कोणी हेतुतः भरविली नव्हती. माझे एक सहाध्यापक, अत्यंत भाविक व सालस गृहस्थ, वाक्यविश्लेषणाच्या तासाला शुभवर्तमानातील वाक्ये देत, तास संपताना प्रार्थनेचे निमंत्रण देत, आणि कोणावर सक्ती करीत नसत; पण जेथे विद्यार्थी गुरूला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही, तेथे गुरूचे निमंत्रण हा हुकूमच ठरतो, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. ज्या सुवार्तेसाठी आपण देश सोडला, ती एका मुलीला गुणपत्रिकेतील अट वाटावी, याचे दुःख मला आजही होते.

म्हणून सांगतो की उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घालण्याची तजवीज पहिल्याच सत्रात करून घ्या. उदाहरणे विद्यार्थ्यांनीच बाजारातून व आजीच्या गोष्टींतून गोळा करून आणलेली असू द्या. आणि कोणी आपण होऊन श्रद्धेविषयी विचारले, तर तासाबाहेर, न लाजता व न लपविता, उत्तर द्या. कायद्याचीही बाजू आहे. थायलंडात अध्यापनासाठी एका वर्गाचा व्हिसा मिळतो आणि धर्मकार्यासाठी दुसऱ्या वर्गाचा. शिवाय कामाचा परवाना निराळा काढावा लागतो. एकाच्या नावाखाली दुसरे काम करणारा मनुष्य सरकारी दप्तरात खोटी कैफियत देत असतो, आणि सत्याचा उपदेश करणाऱ्याला ते शोभत नाही.

विवेकबुद्धीची कसोटी अनपेक्षित ठिकाणी लागते. थायलंडात शैक्षणिक वर्षाच्या आरंभी ‘वाय खरू’ हा गुरुवंदनाचा सोहळा होतो. विद्यार्थी गुडघ्यांवर येऊन वांग्याची फुले, टोकदार कळ्यांची इक्झोरा आणि चक्क आपल्या दुर्वा गुरूपुढे ठेवतात. दुर्वांची जुडी पाहून गणेशपूजनाची आठवण येणार नाही, असा मराठी ख्रिस्ती विरळा. मी एका वृद्ध थाई ख्रिस्ती शिक्षकाला आगाऊ विचारून ठेवले होते, आणि ‘हा मान विद्येचा आहे, तो घ्यावा; मूर्तीपुढील विधी मात्र इतरांसाठी सोडावा’ या त्यांच्या सल्ल्याने वागलो. असे प्रश्न तेथील स्थानिक मंडळीला विचारावेत. मायदेशातल्या पाळकांना त्यांची उत्तरे ठाऊक नसतात.

विद्येच्या बाबतीत तयारी कच्ची असेल तर भक्ती तिची भरपाई करीत नाही. आपल्या कानाला क, ख, ग, घ हा चौपदरी भेद सहज कळतो, थाई कानाला त्यातले ग आणि घ नसतात. उलट थाईत एकच अक्षर सुराने बदलून ‘मा’ म्हणजे येणे, घोडा किंवा कुत्रा होतो, आणि तेथे आपण विद्यार्थ्यांपुढे बहिरे असतो. तेथील डोंगरी लोकांच्या लाहू भाषेत तर सात सूर आहेत. माझ्या वर्गातील दोन लाहू तरुणांनी एकच वाक्य फळ्यावर दोन प्रकारांनी लिहिले, कारण एकाचे गाव प्रॉटेस्टंट होते आणि दुसऱ्याचे कॅथलिक, आणि दोन्ही पंथांच्या मिशनऱ्यांनी त्या भाषेला निरनिराळ्या रोमन लेखनपद्धती दिल्या होत्या. चीनमध्ये तिसरीच चालते. फळ्यावरच्या दोहोंपैकी एक पद्धत माझ्या स्वतःच्या पंथाची होती. मी निवाडा दिला नाही. कोणते चिन्ह कोणत्या सुराचे, याचा तक्ता दोघांकडून शेजारी शेजारी मांडून घेतला, आणि सातही सूर दोन्हीकडे नीट उतरले आहेत की नाहीत, हे त्यांनाच तपासू दिले. तो तास माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत चांगला तास होता.

आता आर्थिक साहाय्य करणाऱ्या मंडळीविषयी. दर तिमाहीस ‘किती जण विश्वासात आले’ अशी विचारणा करणारी पत्रे येतात, आणि त्यांच्या दडपणाखाली माणूस आकड्यांच्या मागे लागतो. तुमच्यापैकी कोणी निघण्याच्या बेतात असेल, तर त्याने तिकीट काढण्यापूर्वी आपल्या मंडळीला लेखी कळवावे की आपण शिक्षक म्हणून जात आहोत, अहवालात ध्वनिविचाराचे तास आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध येतील, आणि हे मान्य नसल्यास त्यांनी आपला पैसा दुसऱ्या कार्याला द्यावा.