भुलीवर बिल फाडू नका

"साहेब, भुलीचा डोस जास्त झाला. मायचं डोकं फिरलं."

वयस्कर माणसाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते बरळायला लागलं, की वॉर्डाबाहेर हे ऐकू येतंच. भेटायला आलेला अंबडचा पाहुणा ते परतूरच्या पाहुण्याला सांगतो. पुढे कुणाच्या घरी आजी न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, की घरचेच निकाल देतात: ऑपरेशन नको, भुलीनं वेड लागतं. मग हाडवैद्याची पट्टी आणि खाट. पंधरा दिवसांनी पाठीला जखमा आणि छातीत कफ घेऊन तीच आजी आमच्याकडे येते. अहो, खुब्याचं हाड मोडलं तर शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. पडून राहणं भुलीपेक्षा कितीतरी घातक आहे.

म्हातारपणी ऑपरेशननंतर डोक्याचा गोंधळ होतो, हे खरं आहे. 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. अनेक देशांतल्या साठीपुढच्या बाराशेवर रुग्णांची स्मरणशक्ती मोठ्या ऑपरेशननंतर तपासली होती. आठवड्यानं साधारण चारांत एकाची घसरलेली दिसली, तीन महिन्यांनी दहांत एकाची. म्हणजे तीन महिन्यांनी दहातले नऊ जण ठीक होते. हेही त्या पाहुण्यांना सांगा.

"पूर्ण भूल नको, कमरेतच सुई द्या," असा हट्ट धरणारेही पुष्कळ. अमेरिका-कॅनडात खुब्याच्या 1600 रुग्णांवर नेमकी हीच तुलना झाली, 2021 साली निष्कर्ष आले. गोंधळलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, पाचांत एक. तेव्हा कोणती भूल द्यायची, ते हृदय आणि फुप्फुस बघून भूलतज्ज्ञाला ठरवू द्या.

मग डोकं बिघडतं कशानं? मार, रक्तस्राव, ताप, वेदना, अपुरी झोप, कमी झालेलं सोडियम, तुंबलेली लघवी, पाच दिवस न झालेली शौच. थकलेल्या मेंदूला यातलं एखादंही पुरतं.

भोकरदनकडच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री त्यांना वारलेले आजोबा दारात दिसू लागले. सुनेला म्हणाल्या, "बैलांना पेंड टाक," आणि सलाइन उपटलं. मुलानं मला बोलावण्याआधी गावाकडून अंगारा मागवला. मी पाहिलं तर ओटीपोट टम्म. नळी काढल्यापासून लघवीच झाली नव्हती. रक्तात सोडियम उतरलेलं. कानाचं यंत्र आणि चष्मा कुठे? घरी, पेटीत, "दवाखान्यात हरवतील म्हणून". ऐकू येत नाही, दिसत नाही, रात्रभर दिवे चालू, खाटेभोवती दहा माणसं. तरुण माणूसही भांबावेल. लघवी काढली, सोडियम हळूहळू वर आणलं, पेटीतलं सामान मागवलं, गर्दी हाकलली. चौथ्या दिवशी आजींनीच विचारलं, "घरी कधी सोडता? मोसंबीला पाणी कोण देतंय, देव जाणे."

अंगाऱ्यानं निदान नुकसान तरी होत नाही. मेडिकलवरून आणलेली झोपेची गोळी गुपचूप चारणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. त्या गोळीनं गोंधळ वाढतो, कधी श्वासही मंदावतो. सर्दीच्या काही गोळ्याही म्हाताऱ्या माणसाचं डोकं गरगरवतात. 'मेंदूच्या ताकदीचं सलाइन' द्या म्हणून मोबाइल पुढे करणाऱ्यांनाही सांगतो, असल्या ताकदीनं हा गोंधळ उतरत नाही. त्यामागचं कारण शोधावं लागतं.

ऑपरेशनआधी आमच्याशी खरं बोला. आबा रोज घेतात, हे सुनेसमोर सांगायला लाज वाटत असेल तर बाहेर येऊन सांगा. दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकाही येऊ शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. वर्षानुवर्षांची झोपेची गोळीही आपल्या मनानं तोडू नका. आणि आधीपासून विसराळूपणा असेल, तर 'वयच झालंय' म्हणून झाकू नका. अशांनाच धोका अधिक.

नंतरचं काम औषधापेक्षा घरच्यांचंच. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र शुद्धीवर येताच लावा. ओळखीचं एकच माणूस उशाशी ठेवा; आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे त्यानं शांतपणे सांगत राहावं. दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार. डॉक्टर हो म्हणाले की लगेच उठवून बसवा. चिडलेल्या माणसाशी वाद घालू नका, हातपाय बांधू नका.

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. माझी नजर गप्प पडलेल्याकडे जाते. "आज शांत झोपलेत" म्हणून घरचे खूश असतात आणि माणूस हाकेला नीट डोळे उघडत नसतो. हाही गोंधळच, आणि जास्त धोक्याचा. गुंगी वाढली, ताप आला, दम लागला, लघवी थांबली, तर रात्रीचे दोन असले तरी नर्सला उठवा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगवायू समजा. घरी असाल तर 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

बहुतेकांचं डोकं काही दिवसांत ताळ्यावर येतं, काहींना आठवडे लागतात. घाबरू नका, पण तोवर गोळ्यांचा डबा तुमच्या हातात ठेवा. बँकेच्या वा जमिनीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊ नका. त्या अवस्थेतही वाटणीचे कागद पुढे करणारे भाऊ मी पाहिलेत. आणि तीन महिन्यांनंतरही पैशांचा हिशेब चुकत असेल, रोजची वाट सापडत नसेल, तर घेऊन या. येताना आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.