तोंडातल्या बुरशीविषयी भाच्याला पत्र

प्राधिकरण, आकुर्डी

चि. निखिल,

तुझ्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर आलाय, मेडिकलवाला ‘बुरशी’ म्हणाला आणि तुला २०२१ची काळी बुरशी आठवली, हे ताईकडून कळलं. आधी ती भीती काढून टाक. तो आजार म्युकरचा. ती बुरशी हवेतून नाकात शिरते आणि सायनसमधून टाळूत, वरच्या जबड्यात उतरते. त्या साली कित्येकांचे जबडे काढावे लागले. गाल एका बाजूला बधिर होणं, चेहरा सुजणं, टाळू काळी पडणं, दात अचानक हलू लागणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तुला यातलं काही नाही.

तुझा थर बहुधा कॅन्डिडाचा आहे. ही बुरशी बाहेरून आलेली नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती कायम असते, आणि तिथले जिवाणू व आपली प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. म्हणून ‘कोणतं औषध लावू?’ हा तुझा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला असा, की तिला वाढायला जागा कुणी दिली?

माझी नोकरी पिंपरीच्या एच.ए.त, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाली, हे तू लहानपणापासून ऐकतोस. १९५४ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात पेनिसिलिन बनायचं: बुरशीपासून काढलेलं, जिवाणूंना मारणारं औषध. पुढे तिथेच डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जिवाणूपासून बुरशी मारणारं औषध मिळालं. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, आपल्या पिंपरीवरून ठेवलेलं, आणि औषध हॅमायसिन. तान्ह्या बाळांच्या तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवरही ते वापरत. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण आत्ता सांगायचं ते वेगळंच. जिवाणूंवरच्या गोळ्या बुरशीला काही करत नाहीत. उलट तिला आवरणारे जिवाणू मारून तिला मोकळं रान देतात. घसा दुखला म्हणून तू चिठ्ठीशिवाय घेतलेल्या त्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आठव. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिथे त्या कॅप्सूलचा उपयोगच नव्हता.

दुसरं कारण तुझा दम्याचा पंप. त्यातल्या स्टेरॉइडचा बराच भाग जीभ, टाळू आणि घशावर बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. पण म्हणून पंप बंद करायचा नाही, हे अगदी ठाम. चाकणच्या धुळीत तो बंद केलास तर दमा उसळेल. पंप दात घासण्याआधी घे, आणि घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भर, घशापर्यंत गुळण्या कर, पाणी थुंकून टाक. डॉक्टरांना पंपाला जोडायच्या स्पेसरविषयी विचार; त्यामुळे औषध तोंडात कमी अडकतं.

रक्तातली साखर तपासून घे. आपल्या घराण्यात मधुमेह आहे, आणि साखर चढली की लाळेतही उतरते. नाईट शिफ्टला जागं राहायला कपामागून कप गोड चहा पिणं, पाणी न पिणं, यानेही बुरशीचं फावतं. कारण सापडलं नाही किंवा थर पुन्हापुन्हा आला, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सांगतील. संकोच न करता करून घे.

आजीला सांग, रात्री कवळी काढून ब्रशने घासायची आणि पाण्यात ठेवायची. ती कवळी लावूनच झोपते. टाळू लाल झालीय आणि ओठांचे कोपरे चिरलेत म्हणतोस, तर तेही बहुधा हेच. तिच्या तोंडाला औषध लावलं आणि कवळी तशीच राहिली, तर दुखणं परत येणार.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. कॅन्डिडाचा थर बोळ्याने हलकेच पुसला तर निघतो, खाली लालसर दिसतं. जो डाग पुसून निघत नाही आणि दोन आठवड्यांत जात नाही, तो दंतवैद्याला दाखवायचाच. तू मित्रांबरोबर तंबाखू मळतोस, हे मला माहीत आहे. तसा डाग कर्करोगाच्या आधीचा असू शकतो, म्हणून हे लिहिताना माझा जीव खालीवर होतो. आणि घास गिळताना छातीत दुखलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. मग लावायच्या औषधाने भागत नाही.

सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी लवकर ये. संत तुकारामनगरच्या दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत बरोबर जाऊ. येताना पंप, उरलेल्या कॅप्सूलचं पाकीट आणि साखरेचा रिपोर्ट आण. तोवर थर खरवडू नकोस, रक्त येईल.

तुझा,
मामा