पायी पाहिलेली मुंबई

मुंबईची सहल म्हटली की मुले विचारतात, "सर, बस कोठून सुटणार?" पण बसच्या खिडकीतून मुंबईची गर्दी दिसते, कला दिसत नाही. तिच्यासाठी पायी चालावे लागते आणि मधूनमधून मान वर करावी लागते. म्हणून नाताळच्या सुट्टीत आमचा नववीचा वर्ग काळा घोडा ते मोहम्मद अली रोड असा पायीच निघाला. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण आम्हांला संध्याकाळ झाली.

काळा घोडा येथे पोहोचताच मुलांनी घोडा शोधला. पूर्वी येथे घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा होता. १९६५ मध्ये तो हलवला. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. लोकांनी मात्र जागेचे नाव सोडले नाही. अखेर २०१७ मध्ये येथे नवा काळा घोडा उभारण्यात आला. त्याच्यावर स्वार नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, राजा गेला, घोडा राहिला!"

जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती १९५२ मध्ये सुरू झाली. आत जायला पैसे पडत नाहीत, तरी आमची मुले दारात घुटमळली. आतली चित्रे त्यांनी शांतपणे पाहिली. मला स्वतःला बाहेरचा फुटपाथ अधिक आवडतो. तेथे चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पेन्सिलीने कागदावर उतरवतात. पंढरपूरला जन्मलेले थोर चित्रकार मकबूल फिदा हुसेन हेही तरुणपणी याच शहरात सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवीत असत.

फ्लोरा फाउंटनवरून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी आलो. या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ भारताचा. भिंतींवर दगडात कोरलेले मोर, माकडे आणि पानेफुले आहेत. वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव पुस्तकात सापडते. "पण सर, हे मोर कोणी कोरले?" एका मुलाने विचारले. कोरीव कामात जवळच्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ही शाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. त्या हातांची नावे भिंतीवर कोठेही नाहीत.

पुढे क्रॉफर्ड मार्केट लागते. आज त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. दरवाज्यावर शेतात राबणाऱ्या माणसांची शिल्पे आहेत. ती जे. जे.मधील शिक्षक लॉकवूड किपलिंग यांनी घडवली. खाली फळांचा बाजार इतका गजबजलेला होता, की वर कोणीच पाहत नव्हते.

मोहम्मद अली रोडच्या एका गल्लीत एक वृद्ध पेंटर दुकानाची पाटी रंगवत होते. वर मराठी, खाली उर्दू. मराठी अक्षरे शिरोरेषेखाली सरळ लटकत होती; उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे तिरपी उतरत होती. पट्टी न वापरता त्यांनी शिरोरेषा ओढली, तेव्हा मुले स्तब्ध झाली.

"चाचा, रोज किती पाट्या करता?" मुलांनी विचारले.

"रोज कुठल्या, बेटा! पूर्वी रात्रीही काम असायचे. आता फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. महिन्यात दोन-तीन पाट्या येतात. माझा मुलगाही कॉम्प्युटरवरच बॅनर बनवतो."

"मग तुम्ही हे कोणाला शिकवणार?"

ते काही बोलले नाहीत. त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि विचारणाऱ्या मुलाच्याच हातात दिला. जुन्या पत्र्यावर त्या मुलाने 'दुकान' हा शब्द लिहिला. 'दु'चा उकार वाकडा झाला. चाचांनी त्याचा हात धरून तो पुन्हा काढून घेतला.

निघताना एका मुलीने विचारले, "चाचा, पाटीवर तुमचे नाव कोठे आहे?" ते हसले. बारीक ब्रश घेऊन त्यांनी पाटीच्या कोपऱ्यात आपले नाव लहान अक्षरांत लिहिले, आधी उर्दूत, मग मराठीत.

स्वाध्याय
१. काळा घोडा हे नाव कसे टिकून राहिले?
२. मराठी आणि उर्दू अक्षरांत मुलांना कोणता फरक दिसला?
३. 'दुकान', 'बाजार', 'कागद' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. असे आणखी पाच शब्द लिहा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील हाताने रंगवलेली एक पाटी शोधा. ती कोणी रंगवली, याची चौकशी करा.