अंगावर पित्त का उठते?

अंगभर लालसर गांधी, अनावर खाज आणि तासा-दोन तासांत सारे गायब. पुन्हा संध्याकाळी तोच प्रकार. ‘अंगावर पित्त उठले’ ही तक्रार प्रत्येक दवाखान्यात नेहमीची. नावात पित्त असले, तरी यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी या विकाराचा संबंध नाही. खरे कारण आहे हिस्टामाइन नावाचे रसायन.

आपली त्वचा, श्वासनलिका व आतडी यांत ‘मास्ट पेशी’ असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशींत हिस्टामाइन साठवलेले असते. एखादा पदार्थ शरीराला वावडा असेल, तर पेशी हा साठा एकदम मोकळा करतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो व गांधी उठतात. अंडी, शेंगदाणे, कोळंबी, कीटकदंश, पेनिसिलिन, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या, विषाणूंचा ताप, काहींना थंड हवाही यास पुरते.

मासळी आणि हिस्टामाइन

कधी हिस्टामाइन बाहेरूनच पोटात जाते. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले, की जीवाणू त्यांत हिस्टामाइन तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि माशाला वास येईलच असेही नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके दुखते, छातीत धडधडते. एकाच पंगतीतील अनेकांना असा त्रास झाला, तर ती ॲलर्जी नसून खराब मासळीची बाधा समजावी.

आतड्यातील एक विकर अन्नातील हिस्टामाइन नष्ट करते. ते कमी पडल्यास काहींना सुकी मासळी, जुने चीज, वाइन, पालक, वांगी, टोमॅटो यांनी त्रास होतो, असे मानतात. मात्र याची खात्रीची अशी एकच तपासणी नाही. म्हणून दोन ते चार आठवडे वहीत रोजचे खाणे, औषधे व त्रासाची वेळ लिहावी आणि वही डॉक्टरांना दाखवावी. मनानेच दहा पदार्थ सोडू नयेत. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. मास्ट पेशी स्वतःहून वारंवार उत्तेजित होण्याचा विकारही असतो, पण तो विरळा. त्याच्या निदानास झटक्याच्या वेळची रक्ततपासणी लागते.

काय करावे?

आमसुलाचे पाणी लावल्याने थंडावा मिळतो, खाजही तात्पुरती कमी होते. पण मूळ क्रिया थांबत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने सेट्रिझिनसारखी हिस्टामाइनविरोधी गोळी घ्यावी. झोप येत असल्यास वाहन चालवू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणून वरचेवर घेणे धोक्याचे आहे. बहुतेकांचे पित्त थोड्या दिवसांत जाते. सहा आठवड्यांहून अधिक काळ उठत राहिले, तर अन्न हे कारण क्वचितच असते. मग तपासणी करून घ्यावी. एकच गांध चोवीस तासांहून जास्त टिकली, दुखली वा काळसर डाग राहिला, तरीही दाखवावे.

हे धोक्याचे!

ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, घेरी येणे, वारंवार उलट्या होणे यांपैकी काहीही दिसले, तर ते साधे पित्त नव्हे. अशा वेळी गोळीच्या परिणामाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. प्राण वाचवणारे औषध एकच: मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असल्यास बसू द्यावे, पण चालवू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात त्वरित न्यावे. बरे वाटले तरी काही तास तेथेच थांबावे, कारण झटका पुन्हा येऊ शकतो.

ज्या औषधाने असा त्रास झाला, त्याचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा व प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवा. एवढी एक चिठ्ठी पुढचा प्रसंग टाळू शकते.